चाळणीतून सुटलेले दोघे

१९२१ साली कॅलिफोर्नियातल्या शाळांमध्ये एक अजब शोधमोहीम सुरू झाली. वर्गशिक्षकांच्या हातात एकेक छापील कागद पडला. वर्गातलं सर्वांत हुशार पोर कोण, त्याच्या खालोखाल कोण, हे त्यात लिहायचं होतं. शिवाय एक वेगळाच प्रश्न होता: वर्गात वयानं सर्वांत लहान कोण? ज्यांची नावं आली त्यांची बुद्धिमापन चाचणी झाली. ज्यांचा बुद्ध्यंक साधारण १३५च्या पुढे गेला त्यांची निवड झाली आणि या मुलांचं पुढे आयुष्यात काय होतं ते पाहत राहायचं ठरलं. हे काम किती वर्षं चालावं? स्टॅनफर्ड विद्यापीठात तेव्हा उघडलेल्या फायली ती मुलं आजी-आजोबा झाली तरी मिटल्या नव्हत्या. शाळेतले गुण, लग्नं, नोकऱ्या, आजारपणं, शेवटी मृत्यूची नोंद, सगळं त्यात येत गेलं. निवडलेली मुलं एकूण १,५२८.

मोहिमेचे कर्तेधर्ते होते मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन. १९२५ साली त्यांचा पहिला अहवाल आला आणि त्यात शिक्षकांची चांगलीच फजिती निघाली. वर्गातलं खरोखर सर्वांत बुद्धिमान पोर शोधायचं असेल तर शिक्षकाचं मत विचारण्यापेक्षा हजेरीपटावरच्या जन्मतारखा पाहाव्यात, असा टर्मन यांचा निष्कर्ष होता. वयानं सर्वांत लहान पोर निवडलं तर ते चाचणीत चमकण्याची शक्यता अधिक! कारण सोपं आहे. तिकडे हुशार मुलांना अधूनमधून एकदम वरच्या इयत्तेत बसवत. अशा मुलाची तुलना शिक्षक त्याच्याहून दीड-दोन वर्षांनी मोठ्या मुलांशी करत आणि म्हणत, बरा आहे, पण फार काही विशेष नाही.

खरं आश्चर्य मात्र पुढेच आहे. त्याच काळात टर्मन यांच्या लोकांनी पालो आल्टोमधल्या विल्यम शॉकली नावाच्या मुलाची चाचणी घेतली. गुण कमी पडले. सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या लुईस आल्वारेझचीही चाचणी झाली. तोही बसला नाही. शॉकली पुढे बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरवर काम करणाऱ्या तिघांपैकी एक झाले आणि १९५६चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. आल्वारेझ यांना १९६८ साली तेच पारितोषिक मिळालं. डायनोसॉर नष्ट झाले ते लघुग्रह आदळल्यामुळे, ही कल्पना १९८०मध्ये आपल्या मुलासह मांडणारे हेच ते आल्वारेझ. निवडलेल्या दीड हजारांत वकील, डॉक्टर, प्राध्यापक भरपूर निघाले. नोबेल मात्र एकालाही मिळालं नाही.

या कथेला आणखी एक पीळ आहे. टर्मन यांचा मुलगा फ्रेडरिक (तो वडिलांच्या अभ्यासातल्या निवडक मुलांत होता) पुढे स्टॅनफर्डमध्ये अभियांत्रिकीचा अधिष्ठाता झाला. विद्यापीठाभोवती इलेक्ट्रॉनिक्सचे कारखाने उभे राहावेत म्हणून तो झटत होता. पन्नाशीच्या दशकात शॉकली यांनी आपली कंपनी पालो आल्टोजवळ काढावी असा आग्रह धरणाऱ्यांत तो होता. ‘सिलिकॉन व्हॅलीचे जनक’ म्हणून आज या दोघांचीही नावं घेतली जातात. वडिलांच्या यादीत न बसलेल्या मुलाला लेकानं गावात बोलावून आणलं. शॉकली यांनी उतारवयात जे केलं ते मात्र मला कधीच उमगलेलं नाही. ज्या मापानं त्यांना लहानपणी नाकारलं त्याच बुद्ध्यंकाच्या आधारे काही वंश जन्मतःच कमी बुद्धीचे असतात, असा प्रचार त्यांनी हट्टानं चालवला.

प्रज्ञावंत मुलांच्या शिक्षणाचा इतिहास वाचताना मला सारखी चाळणी दिसते. चाळणीची भोकं जशी, तसा तिच्यातून माल निघतो. मुलं सगळ्या जातीधर्मांत, गल्लीबोळांत, गावोगावी जन्मत असतातच. कोणती सापडतात हे मात्र शोधणाऱ्यानं काय घेऊन शोधायला सुरुवात केली यावर ठरतं.

टर्मन यांची चाळणी मुळात निराळ्याच कामासाठी बनली होती. फ्रान्समध्ये शिक्षण सक्तीचं झालं आणि वर्गात तऱ्हेतऱ्हेची मुलं येऊ लागली. शिकताना मागे पडणारी मुलं कशी ओळखायची आणि त्यांना मदत कशी द्यायची, हे ठरवायला सरकारनं १९०४ साली एक आयोग नेमला. त्यात आल्फ्रेड बिने होते. आपल्या दोन लहान मुलींच्या विचार करण्याच्या निरनिराळ्या पद्धती वर्षानुवर्षं टिपत बसलेला हा माणूस. थिओडोर सिमों या तरुण डॉक्टरबरोबर त्यांनी १९०५ साली ३० कृत्यांची एक मालिका तयार केली. चित्रातल्या वस्तू दाखव, ऐकलेले आकडे परत म्हण, दोन वजनांपैकी जड कोणतं सांग, घर म्हणजे काय, काटा म्हणजे काय. पुढच्या आवृत्तीत ही कृत्यं वयानुसार लावली गेली. बुद्धी म्हणजे जन्मतः मिळालेली आणि कधीच न वाढणारी शिल्लक, हे मत बिने यांना मुळीच मान्य नव्हतं. त्यांनी त्याविरुद्ध कडक शब्दांत लिहिलं आणि मागे पडलेल्या मुलांसाठी मनाचे व्यायामही सुचवले. १९११ साली, वयाच्या ५४व्या वर्षी ते गेले.

त्यानंतर वर्षभरानं जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यांनी सुचवलं, की मुलाचं मानसिक वय त्याच्या खऱ्या वयानं भागावं. टर्मन यांनी १९१६ साली त्याला शंभरानं गुणलं. आठ वर्षांचा मुलगा बारा वर्षांच्या मुलाइतकी कृत्यं करत असेल तर बाराला आठनं भागा, शंभरनं गुणा: १५०. झाला बुद्ध्यंक. मदत लागणारी मुलं शोधण्यासाठी घडवलेलं हत्यार सोळा वर्षांत समुद्र ओलांडून दुसऱ्या टोकाची मुलं शोधायला जुंपलं गेलं. बिने हयात असते तर काय म्हणाले असते, याचा अंदाज बांधायला फारसे कष्ट पडत नाहीत.

टर्मन स्वतः इंडियानातल्या एका शेतकऱ्याचा मुलगा, चौदा भावंडांतला बारावा. ते लहान असताना पुस्तकं विकणारा एक फिरता माणूस त्यांच्या घरी आला. तो मस्तकसामुद्रिक सांगायचा, म्हणजे डोक्याचे उंचवटे चाचपून स्वभाव आणि भविष्य वर्तवायचा. त्यानं या पोराच्या डोक्यावर हात फिरवला आणि हा मोठा होणार म्हणून सांगितलं. टर्मन यांनी ही आठवण आत्मचरित्रात आवर्जून लिहिली आहे. पुढे जन्मभर ते तरी दुसरं काय करत होते?

टर्मन यांच्या पदरात एक मोठं पुण्य टाकावंच लागेल. त्या काळी अशी ठाम समजूत होती, की फार हुशार पोर किडकिडीत, रोगट, विक्षिप्त निघतं आणि लवकर पिकलेलं लवकर सडतं. त्यासाठी एक उदाहरणही सगळ्यांच्या तोंडी होतं. विल्यम सायडिस हा मुलगा १९०९ साली अकराव्या वर्षी हार्वर्डमध्ये दाखल झाला आणि काही महिन्यांतच त्यानं तिथल्या गणितज्ञांसमोर चौथ्या मितीतल्या आकृत्यांवर व्याख्यान दिलं. वर्तमानपत्रं त्याच्या मागे हात धुऊन लागली. मोठेपणी तो लोकांच्या नजरेपासून पळत राहिला, कारकुनी करत राहिला, ट्रामची तिकिटं जमवत राहिला. तिकिटांवर त्यानं एक पुस्तकही लिहिलं. ४६व्या वर्षी तो वारला. पाहा, हे असं होतं, असं म्हणायला लोकांना तेवढं पुरे झालं. टर्मन यांच्या दीड हजार मुलांनी मात्र ती समजूत मोडीत काढली. ही मुलं सरासरी मुलांपेक्षा थोडी उंच, तब्येतीनं बरी आणि मित्रमंडळींत रमणारी निघाली.

दुसऱ्या पारड्यात टाकण्यासारखंही बरंच आहे. मुलं जवळजवळ सगळी गोरी, शहरी, खाऊनपिऊन सुखी घरांतली होती. मेक्सिकन, कृष्णवर्णीय आणि मूळनिवासी मुलांची बुद्धी वंशानंच कमी असते, असं टर्मन यांनी १९१६च्या पुस्तकात लिहून टाकलं होतं. म्हणजे उत्तर आधी ठरलं होतं, शोध नंतर सुरू झाला. ‘कमी प्रतीच्या’ माणसांच्या सक्तीच्या नसबंदीचा पुरस्कार करणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या संस्थेचे ते सदस्य होते. त्यांना दैवत मानण्याचं कारण नाही.

देशाच्या दुसऱ्या किनाऱ्यावर याच सुमाराला एक बाई याच प्रश्नाला वेगळ्या बाजूनं भिडत होत्या. माझ्या मते या इतिहासातली सर्वांत थोर व्यक्ती तीच.

लीटा हॉलिंगवर्थ १८८६ साली नेब्रास्काच्या माळरानावर जन्मल्या. १९०८मध्ये नवऱ्याच्या मागोमाग न्यूयॉर्कला आल्या आणि शिक्षिकेची नोकरी शोधू लागल्या. उत्तर मिळालं, की विवाहित बायकांना इथे शिक्षिका नेमत नाहीत. मग घर सांभाळत त्या कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात मानसशास्त्र शिकल्या. एक योगायोग सांगायचा मोह आवरत नाही. १९१३ ते १९१६ ही लीटाबाईंच्या शिक्षणाची ऐन वर्षं, आणि त्याच वर्षांत त्याच विद्यापीठात बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर शिकत होते. साताऱ्याच्या शाळेत इतरांपासून वेगळ्या बसवलेल्या त्या मुलाला टर्मन यांच्या छापील कागदावर कुठल्या गुरुजींनी जागा दिली असती?

तेव्हाच्या शास्त्रात एक सिद्धान्त मोठ्या रुबाबात मिरवत होता. पुरुषांत विविधता जास्त असते, म्हणून टोकाची बुद्धिमत्ताही पुरुषांतच सापडते आणि टोकाची मंदताही. बायका सगळ्या मधल्या. पुरावा काय, तर मतिमंदांच्या संस्थांत पुरुष जास्त दिसतात. लीटाबाई तपासणी केंद्रात रोज अशा माणसांच्या चाचण्या घेत होत्या. त्यांनी नोंदी उलगडून पाहिल्या. मुलगे लहान वयातच केंद्रात आणले जात, कारण शाळेत आणि कामावर त्यांचं मागे पडणं लगेच नजरेस यायचं. तशाच बुद्धीच्या मुली घरात भांडी घासत, पोरं सांभाळत खपून जायच्या आणि केंद्रात यायच्या त्या तिशी ओलांडल्यावर, घरचा आधार सुटल्यावर. बायकांत मंदता कमी होती असं नव्हे, ती कुणाच्या नजरेस पडत नव्हती. मग त्यांनी एका सहकारी बाईंबरोबर दोन हजार नवजात बाळांची मापं तपासली, हजार मुलगे आणि हजार मुली. विविधतेत म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. हे त्यांनी छापलं १९१४ साली, आणि त्यांचे मार्गदर्शक एडवर्ड थॉर्नडाइक त्याच सिद्धान्ताचे पुरस्कर्ते होते!

बुद्धीच्या दुसऱ्या टोकाशी त्यांची गाठ एका वर्गात पडली. चाचणी कशी घेतात हे विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी त्यांनी एका आठ वर्षांच्या मुलाला बोलावलं, आणि प्रश्न संपले तरी मुलगा काही संपेना. बुद्ध्यंक निघाला १८७. लिखाणात त्या त्याला ‘बालक ई’ म्हणतात. पुढे १८०च्या वरची मुलं त्या शोधत राहिल्या. न्यूयॉर्क परिसरात २३ वर्षांत त्यांना अशी बारा सापडली. टर्मन यांना मुलांची यादी हवी होती. लीटाबाईंना प्रश्न पडला तो असा, की हे मूल सकाळी दहापासून दुपारी तीनपर्यंत वर्गात बसून करतं काय?

त्यांचं उत्तर वाचून मी चमकले होते. १४० बुद्ध्यंकाच्या मुलाचा शाळेतला निम्मा वेळ फुकट जातो आणि १७०च्या पुढच्याचा जवळजवळ सगळा. ही मुलं आळशी होतात, खोड्या काढतात, किंवा स्वतःशी गोष्टी रचत खिडकीबाहेर पाहत बसतात. सहा वर्षांच्या शरीरात अकरा वर्षांचं डोकं असेल तर त्यानं खेळायचं कुणाशी? सहा वर्षांच्या मुलांना त्याच्या खेळाचे नियम कळत नाहीत, अकरा वर्षांची मुलं त्याला खेळायला घेत नाहीत. बुद्धी जितकी वर जाते तितका एकटेपणा वाढतो आणि १८०च्या पुढे तो फार दाट होतो, असं त्यांना दिसलं. मूर्खांना हसतमुखानं सहन करायला या मुलांना शिकवावं लागतं, असं त्यांनी लिहिलं आहे. हे आपल्याकडच्या अनेक मोठ्या माणसांनाही कुणी शिकवलेलं दिसत नाही, पण ते असो.

१९२२ साली मॅनहॅटनमधल्या १६५ क्रमांकाच्या सार्वजनिक शाळेत त्यांनी अशा मुलांचे दोन वर्ग सुरू केले आणि १९३६मध्ये स्पेयर स्कूल. या शाळेची रचनाच पाहण्यासारखी. एकाच इमारतीत मागे पडणाऱ्या मुलांचे सात वर्ग आणि प्रज्ञावंतांचे दोन. पहिल्यांना म्हणायचे ‘बिने वर्ग’, दुसऱ्यांना ‘टर्मन वर्ग’. ज्या मुलांसाठी ती चाचणी मुळात बनली होती त्यांना लीटाबाई विसरल्या नाहीत.

आणि टर्मन वर्गात शिकवायचं काय? वरच्या इयत्तेचं गणित आधीच उरकून घ्यायचं, असं आपल्याला वाटेल. तसं नव्हतं. नेहमीचा अभ्यास निम्म्या वेळात संपायचा. उरलेल्या वेळातला त्यांचा मुख्य विषय होता ‘साध्या वस्तूंची उत्क्रांती’. भाकरी कुठून आली, घरं कशी बदलत गेली, कपडा, दिवा, चाक, कागद, घड्याळ कुणी आणि का केलं. नऊ वर्षांची पोरं ग्रंथालयं पालथी घालायची, कारखाने पाहून यायची, आपसांत वाद घालायची आणि त्यातून टिपणं तयार करायची. शिवाय थोर माणसांची चरित्रं आणि फ्रेंच. माणसानं जग कसं उभारलं हे समजलं तरच त्यात भर घालावीशी वाटते, हा त्यामागचा विचार होता. आज एखाद्या शाळेनं हा अभ्यासक्रम जसाच्या तसा उचलला तरी तो जुना वाटणार नाही. लीटाबाई १९३९च्या नोव्हेंबरमध्ये कर्करोगानं गेल्या, वयाच्या ५३व्या वर्षी. १८०च्या वरच्या बारा मुलांवरचं त्यांचं पुस्तक १९४२ साली त्यांच्या पश्चात निघालं.

पुढची दोन दशकं फारशी सांगण्यासारखी नाहीत. मग ४ ऑक्टोबर १९५७ला स्पुटनिक आकाशात गेला आणि अमेरिकेला एकाएकी आपल्या हुशार पोरांची आठवण झाली. १९५८मध्ये कायदा झाला, विज्ञान आणि गणितासाठी पैशाची थैली सैल झाली. रशियातही स्वस्थता नव्हती. १९६३ साली मॉस्को विद्यापीठाच्या आधारानं एक निवासी शाळा निघाली आणि विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या गणितज्ञांपैकी एक, आंद्रेई कोल्मोगोरोव्ह, तिथे जातीनं शाळकरी मुलांना शिकवू लागले. मुलांना घेऊन बर्फात भटकायचे आणि संध्याकाळी त्यांना संगीताच्या तबकड्या ऐकवायचे. शीतयुद्धानं जगाला जे काही दिलं त्यात ही बरी गोष्ट म्हणायची.

चाळणीची भोकं खरोखर बदलली ती बाल्टिमोरमध्ये. १९६८च्या उन्हाळ्यात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले प्राध्यापक ज्युलियन स्टॅन्ली यांच्या कानावर आलं, की जोसेफ बेट्स नावाचा एक १२ वर्षांचा मुलगा संगणकाच्या वर्गात येतो आणि पदवीधर विद्यार्थ्यांना फोर्ट्रान ही संगणकभाषा शिकवतो. स्टॅन्ली यांनी त्याला कॉलेज प्रवेशासाठी सतरा-अठरा वर्षांची मुलं देतात ती सॅट परीक्षा द्यायला बसवलं. मुलानं ती सहज मारली. कुठलीच माध्यमिक शाळा त्याला वरच्या वर्गात घ्यायला तयार होईना, तेव्हा तो थेट जॉन्स हॉपकिन्समध्ये दाखल झाला आणि १७व्या वर्षी पदवी आणि पदव्युत्तर पदवी दोन्ही घेऊन बाहेर पडला.

स्टॅन्ली यांच्या युक्तीतली गंमत समजून घेण्यासारखी आहे. सातवीच्या मुलांना सातवीचाच पेपर दिला की वरची सगळी मुलं ९५ ते १०० गुणांत दाटीवाटीनं बसतात. त्यातला कोण जेमतेम तिथवर पोहोचला आणि कोण अजून कितीतरी पुढे धावू शकतो, हे त्या पेपरला दिसतच नाही. त्याच मुलांना बारावीचा पेपर द्या. दाटीतली मुलं लगेच लांबवर पांगतात. कुणी २० गुणांवर थांबतं, कुणी ७०वर. टर्मन यांच्या हातून शॉकली आणि आल्वारेझ निसटले हे स्टॅन्ली यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी सरसकट बुद्ध्यंक बाजूला ठेवून एकाच गोष्टीचा, गणिताचा, शोध घ्यायचं ठरवलं. आपल्याला हे चटकन पटावं, कारण आपल्याकडे रामानुजन झाले. कुंभकोणमच्या कॉलेजात गणित सोडून बाकीच्या विषयांत नापास झाल्यामुळे त्यांची शिष्यवृत्ती गेली होती. सगळ्या विषयांची बेरीज मागणारी कुठलीही परीक्षा अशा माणसाला बाहेरच ठेवणार.

मार्च १९७२मध्ये स्टॅन्ली यांच्या पहिल्या शोधपरीक्षेला बाल्टिमोर भागातली ४५० मुलं बसली. तो अभ्यास अजून चालू आहे, त्यात आता पाच हजारांहून अधिक माणसं आहेत. याच मार्गानं ऑस्ट्रेलियातला टेरेन्स टाओ आठव्या वर्षी सॅटला बसला आणि गणितात ८००पैकी ७६० घेऊन उठला. २००६ साली त्याला फील्ड्स पदक मिळालं.

याच आकड्यांवरून एक वाद पेटला. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला या परीक्षेत ७००च्या वर गुण मिळवणाऱ्या दर एका मुलीमागे मुलगे होते तेरा. निसर्गाचाच कल आहे, अशी चर्चा वर्तमानपत्रांतून रंगली. मग काय झालं? मुलींना गणिताच्या वर्गांत जागा मिळू लागली, घरचे ‘तुला काय करायचंय’ म्हणायचे थांबले, आणि पंचवीसएक वर्षांत ते प्रमाण तेरास एकवरून चारास एकच्या आसपास उतरलं. माणसाची जनुकं पंचवीस वर्षांत बदलत नाहीत. लीटाबाई असत्या तर त्यांनी तेव्हाच सांगितलं असतं, की मुली कुठे अडकल्यात ते आधी पाहा.

या जागतिक कथेत पुण्याचं एक पान आहे. १९६२ साली डॉ. वि. वि. तथा अप्पासाहेब पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी सुरू केली आणि १९६९मध्ये तिची प्रशाला निघाली. मानसशास्त्रीय चाचण्या घेऊन मुलं निवडायची हे पश्चिमेसारखंच. मात्र बुद्धीचा एकच आकडा न मानता तिच्या अनेक पैलूंचा आराखडा मांडणाऱ्या जे. पी. गिल्फर्ड यांचं प्रारूप प्रबोधिनीनं जवळ केलं आणि त्यावर मराठीत कसोट्या तयार केल्या. अप्पासाहेबांचा भर वेगळ्याच गोष्टीवर होता. बुद्धी ही समाजाची ठेव आहे, ती देशाच्या कामी लागली पाहिजे. म्हणून मुलांनी खेड्यांत जायचं, प्रकल्प करायचे, मैदानावर घाम गाळायचा आणि गणपतीच्या मिरवणुकीत बर्चीही खेळायची. निवडक मुलांची वेगळी शाळा काढावी की नाही यावर पुण्यात वाद झाले आहेत आणि होत राहतील. मला स्वतःला वेगळ्या शाळेपेक्षा वेगळा वर्ग जास्त पटतो. पण निवडलेल्या मुलानं निवडीची परतफेड करायची असते, हे टर्मन यांच्या यादीत कुठेच नव्हतं, ते इथे आहे.

सरकारी बाजूला राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षेची सुरुवात १९६३ साली दिल्लीत झाली. पण मला जास्त कौतुक आहे ते नवोदय विद्यालयांचं. १९८५-८६मध्ये पहिली दोन नवोदय विद्यालयं निघाली, एक हरियाणातल्या झज्जरला आणि एक आपल्या अमरावतीला. पाचवीतल्या मुलानं आपल्या भाषेत परीक्षा द्यायची, निदान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या, एकतृतीयांश मुलींच्या, राहणं-जेवणं फुकट. चाळणी कुठे धरायची हे आधी ठरवल्यावर काय होतं, याचं हे भारतीय उदाहरण.

दुसरं उदाहरण फ्लोरिडातलं आहे आणि ते अगदी प्रयोगासारखं स्वच्छ आहे. ब्रॉवर्ड परगण्यातल्या शाळांत विशेष वर्गांसाठी मुलं निवडली जायची ती शिक्षकांनी किंवा पालकांनी सुचवली तर. २००५-०६पासून त्यांनी दुसरीतल्या झाडून सगळ्या मुलांना एक छोटी, शब्दांशिवायची कसोटी दिली आणि त्यातून पुढे आलेल्यांची मोठी चाचणी घेतली. प्रवेशाची पात्रता तीच ठेवली होती. विशेष वर्गांत पोहोचणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांचं प्रमाण ८० टक्क्यांनी वाढलं, हिस्पॅनिक मुलांचं १३० टक्क्यांनी. ही मुलं आधीही त्याच बाकांवर बसत होती, त्यांचं नाव कुणी सुचवलं नव्हतं इतकंच. पुढे मंदी आली, पैशाच्या टंचाईपायी सगळ्यांची कसोटी बंद झाली आणि आकडे पुन्हा खाली घसरले.

इतक्या सगळ्या प्रयोगांतून एकाला पहिला नंबर द्यायचा झाला तर मी तो हंगेरीतल्या एका मासिकाला देईन. १८९४ साली, बिने यांच्याही आधी, द्योर गावातल्या दानिएल अराञ नावाच्या शाळामास्तरांनी माध्यमिक शाळेतल्या मुलांसाठी गणिताचं मासिक काढलं. दर महिन्याला त्यात अवघड उदाहरणं छापायची. मुलांनी ती सोडवून टपालानं पाठवायची. चांगली उत्तरं पाठवणाऱ्याच्या नावानिशी छापायची. पुढे उत्तम सोडवणाऱ्यांचे फोटोही येऊ लागले. त्याच वर्षी शाळा संपवणाऱ्या मुलांसाठी गणिताची स्पर्धा सुरू झाली. दोन वर्षांनी मासिक बुडापेस्टच्या लास्लो राट्झ या शिक्षकांनी हाती घेतलं. हे राट्झ ज्या शाळेत शिकवत तिथे १९१४मध्ये यानोश नावाचा मुलगा आला. राट्झ यांनी त्याला पाहिलं आणि वडिलांना भेटून सांगितलं, की याला शाळेचं गणित शिकवणं म्हणजे गुन्हा आहे. त्यांनी विद्यापीठातल्या गणितज्ञांकडून त्याच्या शिकवणीची सोय करून दिली. तो मुलगा म्हणजे जॉन फॉन नॉयमन. त्याच शाळेत एक वर्ष पुढे यूजीन विग्नर होते. १९६३चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवलेल्या विग्नर यांच्या प्रिन्स्टनमधल्या खोलीत भिंतीवर या शाळामास्तरांचा फोटो असायचा. पुढच्या पिढीतले पॉल एर्डॉश याच मासिकात आपला फोटो छापून आलेले विद्यार्थी.

या मासिकानं कुणाचा बुद्ध्यंक काढला नाही, कुणा शिक्षकाची शिफारस मागितली नाही. उदाहरण सगळ्यांसमोर ठेवलं. ज्याला झोप लागेना त्यानं ते सोडवलं. बाकी सगळ्यांनी आधी निवडलं आणि मग शिकवलं. द्योरच्या मास्तरांनी आधी शिकवायला घेतलं, निवड आपोआप होत गेली. खर्च म्हणाल तर कागद, शाई आणि एका टपाल तिकिटाचा. दोन महायुद्धांनी पाडलेले खंड सोडले तर ते मासिक अजून निघतं.

मराठीत मुलांसाठी नियतकालिकं आहेत. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१पासून गावोगावच्या शाळांत जातं. त्याच्या आणि इतरही संपादकांना माझी एक विनंती आहे. वर्षभर दर महिन्याला दोन पानं द्या. त्यात आठ-दहा खरोखर अवघड, पाठ्यपुस्तकात न सापडणारी उदाहरणं छापा, उत्तरं मोबाइलवर फोटो काढून पाठवता येतील अशी सोय करा, आणि पुढच्या अंकात सोडवणाऱ्यांची नावं त्यांच्या गावांसकट छापा. शिक्षकांनी आणि पालकांनी एवढंच करायचं: ती पानं वर्गातल्या सगळ्या मुलांसमोर ठेवायची, आपल्याला हुशार वाटणाऱ्या दोघा-तिघांपुढेच नव्हे.